ऐकणारीने हात लावायचा नसतो

वारंगा फाट्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवरा शेती बघतो, दुकान मी बघते. दुकानाला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे आता टायरवाला बसतो, पण फाट्यावरचे जुने लोक अजून तिला मिस्त्रीची शेडच म्हणतात. मिस्त्री म्हणजे बाबाराव. मी मात्र ती शेड गिरजामावशीची मानते. गिरजामावशी म्हणजे बाबारावांची बायको. शेडमधलं सगळ्यात अवघड काम ती करायची, आणि ते तेलाच्या पालथ्या डब्यावर बसून करायची.

मावशी उंच, हाडकुळी. साठी उलटलेली, पण चालणं तडक. लुगड्याचा काठ कायम काळपट, कारण शेडमध्ये जमिनीवर तेल सांडलेलं असायचंच. बोलताना समोरच्याकडे न बघता रस्त्याकडे बघायची तिची सवय होती. नवीन गिऱ्हाइकाला ते उद्धट वाटायचं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पुढे तिचं काम बघितल्यावर ही सवय कुठून आली ते कळलं.

बाबारावांचं पोट चालायचं ते जीप, ट्रॅक्टर आणि हंगामात हळद पॉलिश करायच्या ड्रमांच्या इंजिनांवर. पण तरुणपणी ते हैदराबादला एका गॅरेजमध्ये होते. तिथे ते दोन कार्बोरेटरच्या जुन्या विलायती गाड्यांचं सेटिंग शिकले. अशा गाड्या आपल्याकडे किती असणार? हिंगोलीत एक-दोन, नांदेडला काही, कधी हैदराबादहून नागपूरला जाणारा एखादा हौशी माणूस. पण ज्यांच्याकडे होत्या, ते बाबारावांकडेच यायचे.

काम ऐकायला सोपं आहे. कार्बोरेटर इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देतो. साध्या गाडीला तो एक असतो. या गाड्यांना दोन असतात, एकामागे एक, आणि दोघांनी हवा सारखी ओढली तरच इंजिन सरळ चालतं. एकाने जास्त ओढली की निम्मं इंजिन राबतं आणि उरलेलं त्याच्या गळ्यात पडतं. वेगात ते लपून जातं. गाडी हळू चालवली की उघडं पडतं. म्हणून एक रबरी नळी घ्यायची, तिचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. आत जाणाऱ्या हवेचा सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याचा ऐकायचा. दोन्ही आवाज एक होईपर्यंत स्क्रू केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. हवा जुळल्यावरच पेट्रोलला हात लावायचा.

अडचण एवढीच होती की बाबारावांना ऐकू यायचं नाही. डिझेल इंजिनांच्या शेजारी आयुष्य गेलं, कान त्यातच गेले. बरीच वर्षं त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. एकदा ते नळी कानाला लावून बसले होते, तेव्हा मावशी भाकरी घेऊन शेडमध्ये आली. मिस्त्रींनी मान डोलावून स्क्रू घट्ट केला. मावशी म्हणाली, "काहून मान हालवून राहिले? दोघांचा आवाज कुठं एक हाय?" त्यांना ते ऐकू आलं नाही. तिने नळी त्यांच्या कानातून ओढली आणि स्वतःच्या कानात घातली. तेव्हापासून कान तिचा आणि हात त्यांचा, अशी वाटणी झाली.

मी हे काम कितीतरी वेळा बघितलं. मावशी डबा ओढून मडगार्डाजवळ बसायची. नळी एका कानात, दुसऱ्या कानावर पदराचा बोळा. तोंड रस्त्याकडे. मिस्त्रींच्या हाताकडे ती चुकूनही बघायची नाही. तळहात वर केला की हवा वाढवा, खाली केला की कमी करा, मूठ मिटली की थांबा. पुढच्या कार्बोरेटरला ती थोरला म्हणायची, मागच्याला धाकटा. पार्टची नावं तिला शेवटपर्यंत आली नाहीत. माझ्या दुकानात वॉशर घ्यायला आली की म्हणायची, "सुनंदा, थोरल्याच्या गळ्यात बसते ना, ती चकती दे." मी बरोबर वॉशर काढून द्यायचे.

सेटिंग चालू असताना ती अख्खा फाटा गप्प करायची. शेजारच्या रसवंतीची घुंगरं थांबवायला लावायची. रसवंतीवाला वैतागायचा. एकदा तो ओरडला, "मावशे, माझ्या मशीनचं बी ऐकून सांग की एकदा!"

"तुझ्या मशीनचं काय ऐकू? ऊस कमी अन् बर्फ जास्ती, हे बहिऱ्याला बी कळतंय."

गिऱ्हाईक हसलं, आणि घुंगरं काम संपेपर्यंत थांबली.

मिस्त्री तिची परीक्षाही घ्यायचे. तिचा तळहात वर व्हायचा, ते स्क्रूवर पेचकस टेकवायचे, मनगट हलवल्यासारखं करायचे आणि फिरवायचे मात्र नाहीत. मावशी रस्त्याकडे बघतच म्हणायची, "खेळ बास. जिथं होतं तिथंच हाय." हे त्यांना ऐकू जायचं नाही, पण तिचा हात तसाच वर राहिलेला दिसायचा. मग ते माझ्याकडे बघून हसायचे. बायकोचं कौतुक करायची त्यांची हीच पद्धत होती.

मावशीचा एक नियम होता. ऐकणारीने हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच. पेचकस शेजारी पडलेला असला तरी ती उचलायची नाही, मिस्त्री चहाला गेले असले तर ते येईपर्यंत बसून राहायची. मी व्यवहारी बाई आहे, मला हा वेळेचा सत्यानाश वाटायचा. एकदा तसं बोलले, तेव्हा तिने कारण सांगितलं.

मिस्त्री एकदा सामान आणायला हिंगोलीला गेले होते. जवळा बाजारच्या एका लग्नाची गाडी शेडमध्ये उभी होती आणि वऱ्हाडाची घाई चालली होती. मावशीला वाटलं, एवढं रोज ऐकतो, स्क्रू तर आपल्यासमोरच फिरतो. तिने स्वतःच फिरवला आणि स्वतःच ऐकला. आवाज एक झाला. गाडी गेली, रस्त्याने झकास पळाली. संध्याकाळी नवरदेव मारुतीला निघाला, पुढे बँड, मागे गाडी, माणसाच्या चालीने. तिथे गाडी आचके द्यायला लागली आणि मारुतीच्या अलीकडे बंद पडली. फेटे सांभाळत वऱ्हाडाने ती ढकलली. नवरदेव खाली उतरायला तयार नव्हता, म्हणून त्याच्यासकट ढकलली.

"दुसऱ्या रोजी गाडी वापस आली," मावशी म्हणाली. "मिस्त्रींनी नळी माझ्या कानात दिली. ऐकलं तर धाकटा पार उपाशी. आदल्या रोजी हाच कान होता, हीच नळी होती. मंग मला काहून कळलं न्हाई?"

"घाईत असशील."

"घाई न्हाई. हात माझा होता. माझा कान माझ्या हातावर मेहेरबान झाला, बाई. फिरवणाऱ्याला वाटतंच की झालं. ऐकणारा दुसराच पाहिजे."

मी म्हटलं, "लक्ष देऊन केलं तर होईल की."

"तुझ्या पोराचा पेपर तुला तपासायला दिला तर मार्क किती देशील?"

"जेवढे असतील तेवढे."

"देशील. अन् वर मायेचे चार."



मग बाबारावांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेल्यासारखीच, एखादा शब्द कळायचा, बाकीचे नाहीत. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते खुर्चीत बसवले तर बसायचे, टोपी घातली तर घालून घ्यायचे. मुलगा दिलीप पुण्याला एका कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे, बापाच्या उपचाराला त्याने काही कमी केलं नाही. तो म्हणाला, "माय, दिवाळीपर्यंत बघू. शेड चालली तर राहा. न्हाई चालली तर बाबांना घेऊन माझ्याकडं चला."

यात वावगं काही नव्हतं. मीही मावशीला तेच सांगितलं. मोठं शहर, दवाखाने जवळ, नातवंडं घरात.

"हितं ते मिस्त्री हायत," ती म्हणाली. "जाणारा-येणारा हाक मारतो. तिथं कोण? तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा. त्येंना ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई, अन् आता मिस्त्री बी न्हाईत, तर मंग राहिलं काय?"

तिला शेड हवी होती ती यासाठी.

शेडमध्ये एकच गाडी उभी होती, हिंगोलीच्या एका म्हाताऱ्या वकिलांची, दोन कार्बोरेटरची. झटका आला त्याच्या आधीपासून ती उघडून ठेवलेली होती. वकीलसाहेब सज्जन. म्हणाले, "माझी घाई नाही. पण गिरजाबाई, तुम्हीच करून टाका ना. तुम्हाला सगळं येतं." ती गाडी झाली असती तर शेड चालू आहे हे चार लोकांना कळलं असतं आणि दिलीपही मागे हटला असता. दिलीप स्वतःच म्हणाला, "पेचकस हातात घे, माय. समदं येतं तुला."

"ऐकायला येतं. फिरवायला न्हाई."

"फिरवायला काय लागतं? स्क्रूच तर हाय."

"स्क्रूच हाय रे," ती म्हणाली. "म्हणूनच."

फाट्यावर लोक तिला हट्टी म्हणायला लागले. मीही म्हटलं, तोंडावर म्हटलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही. तिला हात हवा होता, आणि तो तिने शोधला. समोरच्या गॅरेजचा संतोष यायला तयार झाला. चाळिशीचा, हुशार माणूस, हात हलका. मावशी डब्यावर बसली, नळी कानात, घुंगरं बंद. थोड्या वेळाने तिने नळी काढली.

"संतोष, माझा हात उठायच्या आधी तू काहून फिरवून राहिला?"

"मावशी, मला बी ऐकू येतंय ना. इंजिनचा आवाज बदलला की कळतंय मला."

"तुला ऐकू येतंय हीच तकलीफ हाय," ती म्हणाली.

संतोषने ही गोष्ट फाट्यावर सगळ्यांना सांगितली. मावशीला बहिराच मेकॅनिक पाहिजे, म्हणून लोक हसले. मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबारावांना रिक्षात घालून शेडमध्ये आणलं.

त्यांना यायचं नव्हतं. खुर्चीत ते तोंड फिरवून बसले. मावशीने त्यांच्या डाव्या हातात पेचकस दिला, तो पडला. परत दिला, परत पडला. मी उचलायला पुढे झाले तर तिने मला अडवलं. मग तिने एक जुनी नाडी शोधून काढली, तिचं एक टोक पेचकसाला बांधलं आणि दुसरं त्यांच्या मनगटाला. आता पडला तरी लोंबत राहायचा आणि त्यांचा त्यांना ओढून घेता यायचा. त्या दिवशी एवढंच झालं. ते पेचकस पाडत होते आणि परत ओढून घेत होते. ती शेजारी शेंगा सोलत बसली होती.

पुढे काही दिवस हे चाललं. संतोष आणि मी मिळून त्यांना उभं करायचो. छाती मडगार्डला टेकवायची, मागे खुर्ची लावून ठेवायची. डावा हात इंजिनावर जायचा, थरथरायचा, स्क्रूच्या खाचेत बसायला बराच वेळ घ्यायचा. ते चिडायचे. एकदा रडले. मावशी रस्त्याकडे बघत हात वर, हात खाली करत राहिली. त्यांना दम लागला की ती इंजिन बंद करायला सांगायची, ते परत तयार झाले की चालू करायला. तिच्या तोंडून "होईल" किंवा "शाब्बास" असं मी एकदाही ऐकलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर दिलीप आला. वकीलसाहेबही आले. त्या दिवशी हात बरा चालत होता. मावशीच्या खुणेबरोबर पेचकस फिरत होता, थांबत होता. हळूहळू इंजिनाचा आवाज बसत गेला. संतोष म्हणाला, "झालं की!" वकीलसाहेब म्हणाले, "वा, मिस्त्री!" दिलीपचे डोळे भरून आले होते. मला विचाराल तर मलाही ते इंजिन ठीकच वाटत होतं.

बाबाराव आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. ते मावशीकडे बघत होते. मान किंचित वर करून त्यांनी तिला विचारलं.

मावशीने नळी थोरल्याला लावली. मग धाकट्याला. परत थोरल्याला. आम्ही सगळे थांबलो होतो. हो म्हटलं असतं तर शेड राहिली असती. वकीलसाहेबांना आयुष्यात फरक कळला नसता, आणि कळला असता तरी ते बोलले नसते. दिलीप तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "माय, हो म्हण."

तिने तळहात वर केला. "धाकटा अजून उपाशी हाय."

बाबारावांनी पेचकस परत लावला. हात थकला होता. स्क्रू जास्त फिरला. तिचा तळहात खाली आला. त्यांनी मागे घेतला, तो फारच मागे गेला. परत वर. घाम त्यांच्या हनुवटीवरून इंजिनावर पडत होता. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी त्यांनी हात बाहेर काढला, मडगार्डवर पालथा ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

मावशीने कानातली नळी काढली, गुंडाळली.

"वकीलसाहेब, काम झालं न्हाई. गाडी नांदेडला न्या."

दिलीप भडकला. "एवढ्याशानं काय बिघडत होतं? त्येंना किती बरं वाटलं असतं!"

"बिमार पडल्यापासून समदे त्येंना बरं वाटावं म्हणूनच बोलून राहिले," मावशी म्हणाली. "डॉक्टर, तू, ही सुनंदा बी. आज त्येंनी मला कामाचं विचारलं. मिस्त्रीनं विचारलं. त्येला काय खोटं सांगू?"

हे बोलणं बाबारावांना ऐकू आलं नाही. पण तिने नकार दिला तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला होता. मला वाटलं होतं, माणूस कोसळणार. तसं झालं नाही. झटक्यानंतर आम्ही सगळे त्यांच्याशी लेकराशी बोलावं तसं बोलत होतो आणि ते तोंड फिरवत होते. त्या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. मान हलवताना ते नाराज दिसत होते, पण ती नाराजी काम न जमलेल्या मेकॅनिकची होती. मग डाव्या हाताने त्यांनी संतोषला बॉनेट खाली घ्यायची खूण केली.

शेड टायरवाल्याला द्यायचं त्याच संध्याकाळी ठरलं. त्या आठवड्यात ते पुण्याला गेले. ज्या दिवशी निघाले त्या दिवशी मी गावाला होते, त्यामुळे निरोप घेणं झालं नाही. बाबाराव पुढच्या वर्षी वारले, मावशी पुण्यालाच आहे, असं दिलीप फोनवर सांगतो. मी तिला शेवटचं बघितलं ते वकीलसाहेबांची गाडी न्यायला नांदेडहून ट्रक आला तेव्हा.

सकाळची वेळ होती. बाबाराव शेडच्या दारात खुर्चीत बसले होते. ट्रकवाल्याने गाडीच्या पुढच्या बंपरला दोर बांधला आणि ओढायला निघाला. बाबारावांचा डावा हात एकदम वर झाला, खाली झाला, परत खाली. मी दुकानाच्या पायरीवर होते, मला काही कळलं नाही. मावशी भांडी बांधत होती. तिने आतूनच ते बघितलं आणि हातातलं पातेलं टाकून धावत रस्त्यावर गेली.

"ए बाबा, थांब! बंपर उपटून काढतो का? खाली बांध, खाली, चेसिसला. मिस्त्री सांगून राहिले!"

ट्रकवाल्याने शेडकडे बघितलं. खुर्चीतल्या माणसाला त्याने हात वर करून सलाम केला आणि दोर सोडून गाडीखाली शिरला. तो काय बांधतो ते बाबाराव मान उंचावून बघत होते. मावशी भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांकडे पाठ करून उभी होती आणि या वेळी सरळ त्यांच्या हाताकडे बघत होती. हात थांबला तेव्हा ती ट्रकवाल्याला म्हणाली, "हं. आता ने."